बेटांवरील कॉफी : तिचा इतिहास, तिचा स्वाद आणि हळद उत्पादकांस बोध

एखाद्या प्रदेशाचे नाव तेथील पिकाशी कायमचे जोडले जाणे, हे त्या प्रदेशातील शेतकऱ्यांचे मोठेच भांडवल होय. नागपूरची संत्री, जळगावची केळी, सांगलीची हळद ही नावे ग्राहकांच्या तोंडी बसली असल्यामुळे त्या मालाची निराळी ओळख करून द्यावी लागत नाही. हिंगोली जिल्ह्याच्या वाट्यासही असे भांडवल आता आले आहे. २०२४ मध्ये ‘वसमत हळद’ या नावास भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. यामुळे जिल्ह्यातील हळद उत्पादकांस हक्काचे नाव मिळाले. परंतु मिळालेले नाव पुढे कसे टिकते, ते कशाने वाढते आणि कशाने बुडते, हे समजून घेणे तितकेच अगत्याचे आहे.

या बाबतीत कॉफीच्या पिकाचा इतिहास फार बोधप्रद आहे. उष्ण कटिबंधातील अनेक लहानमोठ्या बेटांनी कॉफीच्या स्वादावर जगभर नाव कमावले. जावा, जमैका, सिलोन, हवाई ही त्यांतील ठळक उदाहरणे होत. यांपैकी काहींनी नाव कमावून गमावले. एकाने ते गमावून पुन्हा मिळविले. आणि एकास आपल्याच नावाच्या बनावट मालाशी झगडावे लागले. सुमारे तीनशे वर्षांचा हा अनुभव प्रस्तुत लेखात थोडक्यात सांगून, त्यातून हळद उत्पादकांनी कोणता बोध घ्यावा, याचा विचार केला आहे.

कॉफीचे झाड व त्याचे हवामान

कॉफीच्या दाण्यास जुन्या मराठीत ‘बुंद’ किंवा ‘बुंददाणा’ म्हणत. हा शब्द अरबी भाषेतून आला आहे. कॉफीच्या व्यापारी महत्त्वाच्या जाती दोन : अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका ही मूळची इथिओपियाच्या डोंगराळ प्रदेशातील जात असून तिचा दाणा सुवासिक व चवीस सौम्य असतो. रोबस्टा ही सखल भागात येणारी, अधिक काटक व अधिक उत्पन्न देणारी जात. परंतु तिची चव कडवट व उग्र असते. बेटांनी जे नाव मिळविले ते बहुतांशी अरेबिकाच्या बळावर.

अरेबिकाचे झाड मोठे नाजूक. त्यास सर्वसाधारणपणे १५ ते २५ अंश सेल्सिअस इतके तापमान मानवते. आपल्या देशात ते समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० ते १,५०० मीटर उंचीवर, मोठ्या झाडांच्या सावलीत लावतात. जमीन भुसभुशीत, सेंद्रिय द्रव्याने युक्त व उत्तम निचऱ्याची लागते. मार्च-एप्रिलमध्ये वळवाच्या एकदोन चांगल्या सरी आल्या म्हणजे झाडे पांढऱ्या, सुगंधी फुलांनी बहरतात. आणि त्यानंतर आठ ते नऊ महिन्यांनी फळे पिकून लाल होतात. प्रत्येक फळात सामान्यतः दोन दाणे असतात.

हिंगोली जिल्ह्यातील शेतकऱ्यांकडून नव्या पिकांविषयी नेहमी विचारणा होते. त्यात कॉफीचाही उल्लेख येतो. सबब येथे स्पष्ट करणे इष्ट की, हिंगोलीची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ४५० मीटर आहे. येथील पाऊस मुख्यतः चार महिन्यांत पडून जातो. आणि उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो. अशा हवेत अरेबिकाचे झाड पाणी देऊन कदाचित जगविता येईल. परंतु त्यापासून किफायतशीर उत्पन्न वा चांगला स्वाद मिळणार नाही. महाराष्ट्रात कॉफीची लागवड आढळते ती अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातील चिखलदऱ्यास. ते ठिकाण सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. तेव्हा रोपे विकणाऱ्यांच्या आश्वासनांवर विसंबून कोणीही या पिकाच्या मागे लागू नये. कॉफीपासून घ्यावयाचा तो धडा घ्यावा; पीक मात्र आपल्या मातीस मानवणारेच घ्यावे.

बुंददाण्याचा प्रवास

कॉफीची पद्धतशीर लागवड प्रथम अरबस्तानातील येमेन देशात झाली. तेथील मोखा बंदरातून कॉफी बाहेर जात असे आणि उगवणक्षम बी परक्यांच्या हाती पडू नये, याची तेथील व्यापारी दक्षता घेत. परंपरेने असे सांगितले जाते की, १६७० च्या सुमारास बाबा बुदन नावाच्या सूफी सत्पुरुषाने हजहून परत येताना सात दाणे बरोबर आणले आणि कर्नाटकातील चिकमगळूरजवळच्या चंद्रगिरी डोंगरात ते लावले. आज ते डोंगर बाबा बुदन यांच्याच नावाने ओळखले जातात.

पुढे डच व्यापाऱ्यांनी १६९६ मध्ये मलबार किनाऱ्यावरून कॉफीची रोपे जावा बेटावर नेली. ती पहिली लागवड पुरामुळे नष्ट झाली. १६९९ मध्ये पुन्हा रोपे नेण्यात आली व ती चांगली फोफावली. १७११ पर्यंत जावाची कॉफी हॉलंडच्या बाजारात विक्रीस येऊ लागली आणि ‘जावा’ हे नाव युरोपात कॉफीचे दुसरे नावच होऊन बसले. अशा रीतीने जगातील पहिल्या मोठ्या कॉफी-बेटाचे बियाणे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून गेले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

जावाहून १७०६ मध्ये एक झाड ॲमस्टरडॅमच्या वनस्पती उद्यानात पोचले. त्याच्या वंशातील एक रोप १७१४ मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई यास नजर करण्यात आले. पुढे १७२३ च्या सुमारास गाब्रिएल द क्लियू या फ्रेंच अधिकाऱ्याने पॅरिसमधील एक रोप जहाजातून कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर नेले. प्रवासात पिण्याच्या पाण्याचा तुटवडा पडला, तेव्हा आपल्या वाट्याचे पाणी त्याने रोपास घातले, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. थोड्याच वर्षांत त्या भागातील अनेक बेटांवर कॉफीचे मळे उभे राहिले.

या प्रवासात एक मोठा धोका दडलेला होता. चंद्रगिरीचे मोजके दाणे, जावाची थोडी रोपे, ॲमस्टरडॅमचे एक झाड आणि मार्टिनिकचे एक रोप, अशा अरुंद वाटेने हे पीक जगभर पसरले. परिणामी लक्षावधी झाडे एकाच घराण्यातील असून गुणधर्मांनी जवळजवळ सारखीच होती. या सारखेपणाची किंमत पुढे कशी मोजावी लागली, ते सिलोनच्या हकिकतीत दिसेल.

जमैका : कीर्ती, ऱ्हास आणि पुनरुद्धार

जमैका हे कॅरिबियन समुद्रातील बेट. त्याच्या पूर्व भागात ब्ल्यू माउंटन नावाची डोंगररांग असून तिचे सर्वोच्च शिखर २,२५६ मीटर उंच आहे. १७२८ मध्ये तेथील माजी गव्हर्नर सर निकोलस लॉस यांनी आपल्या टेम्पल हॉल मळ्यात कॉफीची पहिली झाडे लावली, अशी नोंद आहे. प्रारंभी लागवड हळूहळू वाढली. त्या काळी कॉफीच्या व्यापारात आघाडीवर होती ती सँ-दोमँग ही फ्रेंच वसाहत, म्हणजेच आजचा हैती देश. १७८८ च्या सुमारास जगातील निम्मी कॉफी एकट्या या वसाहतीतून येत असे. ती पिकविणारे हात मात्र गुलामांचे होते. १७९१ मध्ये तेथील गुलामांनी बंड केले, मळे उद्ध्वस्त झाले आणि अनेक फ्रेंच मळेवाले जमैकात येऊन राहिले. कॉफी सोलण्याची व वाळविण्याची सुधारलेली रीत त्यांना अवगत होती. त्यामुळे जमैकातील लागवड झपाट्याने वाढली. १८१४ मध्ये या बेटावरून ३ कोटी पौंडांहून अधिक कॉफीची निर्यात झाली.

ही भरभराटही गुलामांच्या श्रमावरच उभी होती. १८३४ मध्ये ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८३८ मध्ये मजूर पूर्णपणे मुक्त झाले. ज्यांना तोवर मोबदला मिळालाच नव्हता, त्यांनी मळे सोडून डोंगरात स्वतःच्या लहान लहान जमिनी कसावयास घेतल्या. शिवाय तीव्र उतारावरील जंगल तोडून केलेल्या लागवडीमुळे मातीची मोठी धूप झाली होती. मोठे मळे एकामागून एक बंद पडले. कॉफीचे पीक यापुढे मुख्यतः लहान शेतकऱ्यांच्या हाती आले.

लहान शेतकऱ्यांजवळ कष्ट होते. परंतु सोलणी, धुलाई व वाळवणी यांची साधने नव्हती. ज्याच्या त्याच्या अंगणात ज्याच्या त्याच्या रीतीने माल तयार होई. कोणी कच्ची फळे तोडी, कोणी ओला माल पोत्यात भरी, आणि व्यापारी सारा माल एकत्र मिसळून जहाजावर चढवीत. १८९१ मध्ये शेतकऱ्यांस कॉफीच्या लागवडीचे व प्रक्रियेचे शिक्षण देण्यासाठी कायदा करण्यात आला. तथापि त्याचा पुरेसा परिणाम झाला नाही. अखेर १९४३ च्या सुमारास अशी वेळ आली की, नेहमीच्या कॅनडातील खरेदीदारांनी जमैकाची कॉफी दर्जाहीन ठरवून ती घेण्याचे नाकारले. डोंगर तेच होते, माती तीच होती, धुकेही तेच होते. तरीही नाव बुडाले होते.

यानंतर मात्र नेटाने उपाय योजण्यात आले. १९४४ मध्ये निर्यातीची सर्व कॉफी एकाच केंद्रातून स्वच्छ करून, प्रतवारी लावून पाठविण्याची व्यवस्था झाली. १९५० मध्ये कॉफी उद्योग मंडळ स्थापन झाले. ब्ल्यू माउंटन कॉफी कोणत्या परगण्यांतील डोंगरभागात पिकलेली असावी, याची हद्द कायद्याने ठरविण्यात आली. साधारणतः ९०० ते १,७०० मीटर उंचीवरचा हा टापू होय. प्रत्येक खेपेतील दाण्यांचे आकार, रंग व दोष तपासून आणि प्रत्यक्ष चव घेऊन मगच निर्यातीची परवानगी देण्यात येऊ लागली. १९५१ व १९८८ च्या भीषण चक्रीवादळांनी मळे झोडपून काढले, तरी नाव टिकले. जपान या कॉफीचा प्रमुख ग्राहक बनला आणि जगातील महाग कॉफींत तिची गणना होऊ लागली. २०१८ मध्ये मंडळाचे देखरेखीचे काम एका व्यापक नियामक संस्थेकडे सोपविण्यात आले. परंतु तपासणीवाचून माल बाहेर न जाऊ देण्याचे तत्त्व कायम राहिले.

स्वाद कशात असतो

ब्ल्यू माउंटन कॉफीचा स्वाद सौम्य, समतोल, कडवटपणा कमी असलेला व शेवटी किंचित गोडवा देणारा असे वर्णन जाणकार करतात. असा स्वाद येण्याची कारणे दोन प्रकारची आहेत.

पहिले कारण निसर्गाचे. डोंगरावरील थंड हवा व दुपारी उतरणारे धुके यांमुळे फळ सावकाश पिकते. सखल भागातील फळापेक्षा त्यास कित्येक आठवडे अधिक लागतात. या अवधीत दाणा घट्ट बनतो आणि त्यात शर्करा व आम्लद्रव्ये यांचा भरपूर साठा होतो. पुढे दाणा सुमारे २०० अंश उष्णतेवर भाजला म्हणजे याच द्रव्यांपासून शेकडो सुगंधी घटक तयार होतात. कच्च्या दाण्यास कॉफीचा वास मुळीच नसतो. भाजण्याने सुवास प्रकट होतो खरा; पण दाण्यात मुळात जे साठलेले नाही, ते भाजण्याने आणता येत नाही.

दुसरे कारण माणसाच्या हाताचे, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने हेच अधिक महत्त्वाचे. एकाच फांदीवर कच्ची, पिकलेली व अति पिकलेली फळे एकदम असतात. चांगला उत्पादक केवळ लाल फळे वेचतो व त्यासाठी त्याच झाडाकडे अनेक वेळा जातो. वेचलेल्या फळांची साल व गर त्याच दिवशी काढावा लागतो. रात्रभर ढीग पडून राहिला तर तो तापतो आणि दाण्यास आंबूस वास लागतो. नंतर दाण्यावरील चिकट थर सुटावा म्हणून ठराविक तास आंबवण, त्यानंतर स्वच्छ पाण्याने धुलाई आणि मग पातळ थरात, वारंवार हलवून वाळवणी, असा क्रम असतो. दाण्यातील ओलावा शेकडा ११ ते १२ पर्यंत उतरला पाहिजे. ओलावा अधिक राहिला तर बुरशी येते. वाळवणी घाईने झाली तर दाणा फुटतो व सुवास उडतो. शेवटी काळे, किडके व फुटके दाणे हाताने निवडून काढतात. मूठभर सडके दाणे पोतेभर कॉफीची चव बिघडवू शकतात, हा खरेदीदारांचा नित्याचा अनुभव आहे.

१९४३ मध्ये जमैकाच्या शेतकऱ्यांचे जे नुकसान झाले, त्याचे कारण या दुसऱ्या भागातील हयगय हे होते. निसर्गाने दिलेला गुण काढणीनंतरच्या पंधरवड्यात वाया जात होता.

सिलोनचा धडा

सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जगातील अग्रगण्य कॉफी उत्पादक बेटांपैकी एक होते. डोंगरच्या डोंगर कॉफीखाली आणले गेले होते. १८६९ मध्ये तेथील झाडांच्या पानांखाली नारिंगी भुकटीचे ठिपके दिसू लागले. हा तांबेरा रोग होय. त्याच्या बुरशीस शास्त्रज्ञांनी हेमिलिया व्हास्टाट्रिक्स असे नाव दिले. आरंभीची काही वर्षे कॉफीचे भाव चढे असल्यामुळे मळेवाल्यांनी या रोगाकडे दुर्लक्ष केले. उलट नवीन लागवड चालूच ठेवली. १८८० मध्ये हॅरी मार्शल वॉर्ड या तरुण शास्त्रज्ञास तपासासाठी पाठविण्यात आले. रोगाचे सूक्ष्म बीजाणू वाऱ्याने पसरतात आणि मैलोगणती सलग पसरलेली एकाच पिकाची लागवड त्यांस मोकळे रान देते, असे त्याच्या अभ्यासातून दिसून आले. तोवर फार उशीर झाला होता. सुमारे वीस वर्षांत सिलोनमधील कॉफीचा व्यापार जवळजवळ संपुष्टात आला आणि त्या डोंगरांवर चहाची लागवड झाली. जावा बेटावरही हाच रोग पोचला. तेथे सखल भागातील अरेबिका नष्ट होऊन पुढे रोबस्टा लावावी लागली.

सर्व झाडे एकाच घराण्यातील, लागवड सलग आणि रोगाची पहिली खूण दिसताच हालचाल नाही, या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होते, याचे हे उदाहरण आहे.

नावाची राखण

हवाई बेटसमूहात कोना नावाचा एक अरुंद पट्टा आहे. तेथे १८२८ मध्ये कॉफी लावण्यात आली. ज्वालामुखीच्या उतारावरील माती व दुपारची ढगाळ हवा यांमुळे तेथील कॉफीस उत्तम नाव मिळाले. नावाबरोबर भाव वाढला आणि भावाबरोबर लबाडीही आली. १९९६ मध्ये असे उघडकीस आले की, एक व्यापारी मध्य अमेरिकेतील स्वस्त कॉफी आणून, तिची पोती बदलून, ती वर्षानुवर्षे कोनाच्या नावाने विकत होता. त्यास न्यायालयात शिक्षा झाली. पण दरम्यान खऱ्या उत्पादकांचे भाव पडले होते.

एवढ्याने प्रकार थांबला नाही. २०१९ मध्ये कोनाच्या शेतकऱ्यांनी अनेक विक्रेत्यांवर दावा लावला. त्यांचे म्हणणे असे होते की, या पट्ट्यात वर्षाला सुमारे २७ लाख पौंड कॉफी पिकते, आणि बाजारात मात्र कोनाच्या नावाने २ कोटी पौंडांहून अधिक विकली जाते. कोनाच्या मातीतील खनिज द्रव्यांची खूण दाण्यात उतरते. तिच्या रासायनिक तपासणीवरून कोणता माल कोनाचा व कोणता परका हे दाखविण्यात आले. अखेर विक्रेत्यांनी तडजोडीपोटी एकंदर ४ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देण्याचे मान्य केले. लहान शेतकरी एकत्र आले, त्यांनी पुरावा गोळा केला आणि शास्त्राची मदत घेतली, म्हणून हे साध्य झाले.

वसमतच्या हळदीस लागू होणारे मुद्दे

वसमत तालुका पूर्णा नदीच्या खोऱ्यात आहे. काळी, कसदार जमीन व सिंचनाची सोय यांमुळे या तालुक्यात व जिल्ह्याच्या इतर भागांतही हळदीचे पीक चांगले रुजले आहे. हिंगोली व वसमत येथील बाजारपेठांत हळदीची मोठी आवक होते. कॉफीत जसा सुवास, तसा हळदीत कुरकुमिन हा रंगद्रव्याचा घटक आणि सुगंधी तेल हे गुणाचे सार होय. वरील इतिहासाच्या आधारे हळद उत्पादकांनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

(१) बेणे. हळदीस रुजणारे बी धरत नाही. कंदापासूनच लागवड करावी लागते. म्हणजे सिलोनच्या कॉफीहूनही हळदीची झाडे अधिक सारखी असतात, आणि कंदातून रोग एका शेतातून दुसऱ्या शेतात सहज जातो. जिल्ह्यात सेलम जातीखाली मोठे क्षेत्र आहे. तरी बेणे निरोगी शेतातूनच निवडावे, लागवडीपूर्वी त्यास शिफारशीप्रमाणे बेणेप्रक्रिया करावी, गादीवाफ्यावर लागवड करून पाण्याचा निचरा राखावा आणि हळदीवर हळद किंवा आल्यावर हळद घेणे टाळावे. कंदकुजीची पहिली खूण, म्हणजे पाने कडेने पिवळी पडणे व बुंधा मऊ होणे, दिसताच कृषि सहायकास वा कृषि विज्ञान केंद्रास कळवावे. भाव चढे आहेत म्हणून रोगाकडे डोळेझाक करू नये.

(२) काढणी. पाला पूर्ण वाळल्यावरच काढणी करावी. लवकर काढलेल्या हळदीस उतारा कमी पडतो व रंगही फिका येतो. काढणीनंतर जेठे गड्डे, बगल गड्डे व हळकुंडे निरनिराळी करावीत, कारण त्यांस शिजण्यास लागणारा वेळ सारखा नसतो. सर्व एकत्र शिजविल्यास हळकुंडे अति शिजतात किंवा गड्डे कच्चे राहतात.

(३) शिजविणे. काढणीनंतर चार-पाच दिवसांच्या आत हळद शिजवावी. कढईत शिजविताना फेस येऊन हळदीचा विशिष्ट वास सुटू लागला आणि बारीक काडी हळकुंडात सहज शिरू लागली, म्हणजे शिजवण पुरे झाली असे समजावे. कमी शिजलेली हळद वाळल्यावर ठिसूळ होते. जास्त शिजलेलीचा रंग उतरतो. वाफेच्या कुकरमध्ये हळद सारखी शिजते व इंधन वाचते. गावातील चार-सहा शेतकऱ्यांनी किंवा गटाने मिळून असा कुकर वापरावा. जमैकाच्या लहान शेतकऱ्यांजवळ सामाईक साधने नव्हती, हेच त्यांच्या ऱ्हासाचे एक कारण होते.

(४) वाळविणे. शिजविलेली हळद उघड्या मातीवर पसरू नये. सिमेंटचे खळे, ताडपत्री किंवा चटई वापरावी. थर पातळ असावा, दिवसातून अनेक वेळा हलवावा आणि रात्री ढीग करून झाकावा. साधारण १२ ते १५ दिवसांत हळकुंड मोडताना खणखणीत आवाज येऊ लागतो. ओलावा शेकडा १० च्या आत आल्याखेरीज पोती भरू नयेत. ओल्या मालास बुरशी लागून विषारी द्रव्ये निर्माण होण्याचा संभव असतो आणि अशी एक खेप परत आली तरी साऱ्या भागाच्या नावास बट्टा लागतो.

(५) रंग. पॉलिश करताना कोणताही कृत्रिम रंग मुळीच वापरू नये. लेड क्रोमेट या पिवळ्या रंगात शिसे असते आणि ते मुलांच्या मेंदूस कायमची इजा करते. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातील हळदीच्या शेकडा ४७ नमुन्यांत शिसे आढळले होते. तेथील शासनाने संशोधकांच्या सहकार्याने लोकशिक्षण, तपासणी व दंड या तिन्ही मार्गांनी मोहीम चालविली आणि २०२१ मध्ये हे प्रमाण शून्यावर आले. दोष निपटून काढता येतो, हे यावरून दिसते. पण तो शिरूच न देणे केव्हाही स्वस्त पडते.

(६) नाव. भौगोलिक मानांकन मिळाले म्हणजे प्रत्येक शेतकऱ्यास ते नाव आपोआप वापरता येते, असे नाही. मानांकनात ठरवून दिलेल्या क्षेत्रातील उत्पादकाने चेन्नई येथील नोंदणी कार्यालयाकडे ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून आपली नोंद करून घ्यावी लागते. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी व गटांनी आपल्या सभासदांची नोंदणी एकत्रितपणे करावी. प्रत्येक लॉटसोबत गावाचे नाव, जात, काढणीची तारीख व तपासणीचा निकाल यांची नोंद ठेवावी. बाहेरचा माल आणून तो वसमतच्या नावाने विकण्याचा मोह क्षणिक लाभाचा असतो. कोनाच्या उत्पादकांस परक्यांशी लढावे लागले. येथे तशी वेळ आपल्याच माणसांमुळे येऊ नये.

या कामी मार्गदर्शनासाठी परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठ, कळमनुरी तालुक्यातील तोंडापूर येथील कृषि विज्ञान केंद्र आणि वसमत येथील बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र या संस्था उपलब्ध आहेत. २०२५ मध्ये निजामाबाद येथे राष्ट्रीय हळद मंडळाचेही कार्य सुरू झाले आहे.

समारोप

जावा, सिलोन, जमैका व कोना यांचा अनुभव एकत्र पाहिला असता असे दिसून येते की, पिकाच्या गुणाचा पाया माती व हवा घालतात. तो गुण काढणीपासून पोते भरेपर्यंतच्या थोड्या दिवसांत राखला किंवा गमावला जातो. आणि राखलेल्या गुणाचे नाव सर्व उत्पादकांनी मिळून सांभाळले तरच टिकते. जमैकास हे कळण्यास सुमारे दोनशे वर्षे लागली आणि मधल्या काळात अनेक पिढ्यांचे नुकसान झाले. वसमतच्या हळदीचे नाव आज नवे आहे. पुढील हंगामात माल पेठेत नेण्यापूर्वी प्रत्येक शेतकरी बंधूने व भगिनीने आपल्या हळकुंडांचा ओलावा तपासून घ्यावा, प्रतवारी करावी आणि आपल्या गटाच्या नोंदवहीत त्या मालाची नोंद करावी. नाव राखण्याच्या कामास यापासून आरंभ करता येईल.